माळावरचं बिनदाराचं घर

सोनईच्या पेठेत रोहिणीचा फोटोचा गाळा होता. कुणाचा वाढदिवस असो, साखरपुडा असो की दहावा, फ्लेक्स तिच्याकडूनच जायचा. सावळ्याला उजळ करणं, टकलावर केस आणणं, लग्नाला न आलेल्या मामाला मागच्या रांगेत उभं करणं, हे तिच्या डाव्या हातचं काम. रंगुबाई म्हणून एका म्हातारीला तर तिने चक्क नवऱ्याशेजारी खुर्चीत बसवलं होतं. नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. मुलाच्या नाकावरून आणि पुतण्याच्या मिशीवरून रोहिणीने बाप्या उभा केला. म्हातारी तो फोटो बघून इतकी लाजली की तोंडावरचा पदर काढेना. भुताखेतांच्या गप्पा कुणी काढल्या तर रोहिणी सरळ पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची. फोटोत जे घालावं ते दिसतं, यापलीकडे तिचा कशावर विश्वास नव्हता.

राहायला ती शिंगणापूरला, आईवडिलांच्या घरात. सासर सुटलं त्याला बरीच वर्षं झाली होती, आईवडीलही गेले होते. त्या गावची रीत तुम्हाला ठाऊकच असेल. घराला चौकट असते, दार नसतं. हल्ली नव्या बंगल्यांना कुणी कुणी दारं लावतात, पण रोहिणीच्या घराला पहिल्यापासून पडदा, आणि कुत्री शिरू नयेत म्हणून रात्री एक फळी आडवी. कडी, कोयंडा, कुलूप या वस्तू तिने लहानपणी फक्त दुसऱ्यांच्या गावात पाहिलेल्या.

धाकटी बहीण राजेश्वरी पुण्याला दिलेली. तिची पाच वर्षांची जुई म्हणजे रोहिणीचा जीव की प्राण. पोरीला मावशीच्या घराला दार नाही याचं भारी कौतुक. सुट्टीला आली की आत यायच्या आधी पडद्याबाहेर उभी राहायची आणि चौकटीच्या लाकडावर बोटाने वाजवायची. टकटक, मग जरा थांबून एक टक. आतून मावशीने "कोण आहे?" म्हणायचं, की ही पडदा उडवून गळ्यात. दिवसातून कितीदा चालायचं हे, आणि रोहिणीला एकदाही कंटाळा यायचा नाही. स्वतःचं मूल नव्हतं तिला. जे काय होतं ते त्या टकटकीत होतं.

नवरात्राच्या सुमारास छगन तिच्याकडे आला. छगन नगरचा. शिर्डी-शिंगणापूरच्या भाड्याच्या गाड्या चालवायचा. पुढे गाड्या गेल्या, बोलणं तेवढं राहिलं. म्हणाला, पाथर्डीकडच्या माळावर एक पार्टी सुट्टीसाठीचं घर बांधतेय, काम अडलंय, झाल्यावर कसं दिसेल त्याचा फोटो करून हवाय. असली कामं रोहिणी बिल्डरांसाठी नेहमी करायची. हे मात्र तिने मन लावून केलं. भंडारदऱ्याच्या सहलीतली कौलं घेतली, एका मंगल कार्यालयाचे खांब घेतले, कॅलेंडरवरचा जाईचा वेल चढवला. आणि मधोमध स्वतःच्या घराची पायरी आणि चौकट बसवली. त्या पायरीवर बसून आई धान्य निवडायची. दगड मध्ये झिजून खोलगट झाला होता. चौकटीच्या आत काय दाखवायचं ते छगनने सांगितलं नव्हतं, म्हणून तिथे नुसता अंधार भरला.

छगन फोटो बघून म्हणाला, "ताई, दार कुठंय?"

खरंच की, दार नव्हतं. जन्म बिनदाराच्या घरात गेलेला, दार दाखवायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. दोघंही हसली. असू द्या, हवेशीर दिसतंय, म्हणत तो फोटो घेऊन गेला.

दिवाळीनंतर तेच घर रोहिणीला मोबाईलवर दिसलं. डोंगरातलं निवांत घर, सुट्टीसाठी भाड्याने. तिने छगनला बोलावून घेतलं आणि उभं-आडवं झोडपलं. तो निलाजऱ्यासारखा हसत म्हणाला की ॲडव्हान्स घ्यायचा आणि नंबर बंद करायचा, एवढंच, एकच पार्टी फसलीय आत्तापर्यंत. रोहिणीच्या अंगाची लाही झाली. ज्या गावात चोरी नको म्हणून दारं लावत नाहीत त्या गावच्या बाईच्या हातून ही चोरी. तिने समोर बसवून ती जाहिरात काढायला लावली. विषय संपला असं तिला वाटलं.

पण बोलली कुणाजवळ नाही, राजेश्वरीजवळ तर नाहीच. राजेश्वरीची एक मैत्रीण कोकणात अशीच फसली होती. फोटोत समुद्राकाठचा बंगला, आणि पोहोचल्यावर पाहतात तो कुणाचा तरी गोठा. तेव्हापासून राजेश्वरी फोनवर प्रवचनच द्यायची. आधी तो फोटो आणखी कुठे आहे का शोधायचं, मालकाला व्हिडिओवर घर दाखवायला लावायचं, आधी राहून आलेल्यांना फोन करायचा. रोहिणी नुसती हं, हं करायची आणि विषय बदलायची.

नाताळच्या सुट्ट्या लागल्या त्या आठवड्यात छगन पुन्हा दुकानात आला आणि स्टुलावर बसला. चहा सांगते म्हटलं तर नको म्हणाला. चहाला नको म्हणणारा छगन रोहिणीने पहिल्यांदाच पाहिला.

"ताई, ती पहिली पार्टी," तो म्हणाला, "त्यांनी माझा दुसरा नंबर हुडकून काढला. मला वाटलं, आता शिव्या खायच्या. तर ती बाई म्हणली, घर फार छान होतं, थंडगार."

रोहिणीने विचारलं, कुठलं घर?

"तेच की. तुमचं."

आणि एवढ्यावर थांबलं नव्हतं. त्याने जाहिरात काढली, नंबर फेकून दिला, तरी जाहिरात आपोआप पुन्हा वर आली होती आणि लोक जातच होते. ते कुणाशी बोलत होते, व्हिडिओवर त्यांना घर कोण दाखवत होतं, देव जाणे. राहून आलेले आपले फोटो टाकत होते. त्याने ते मोबाईलवर दाखवले. कौलं, खांब, जाईचा वेल. बाजूने घेतलेले, मागून घेतलेले. रोहिणीने त्या घराला बाजू केलीच नव्हती, मागची भिंत तर नाहीच नाही. तिने ते मोठे करकरून पाहिले. कुणीतरी आपल्यासारखाच हात बसलेला माणूस आहे, त्याने आपला फोटो उचलून पुढे वाढवलाय, असं तिने छगनला सांगितलं. सांगताना आपला आवाज बारीक झालाय हे तिलाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं छगनने मागून आणलेल्या जीपमधून, त्याने जाहिरातीत ठोकून दिलेल्या पत्त्याकडे निघाली. घोडेगाव, मिरी करत तिसगाव मागे टाकलं आणि डोंगराकडे वळली. वाटेतल्या वस्तीवर माणूस नव्हतं. सगळी ऊसतोडीला गेलेली. घराघराला कुलूप, चुली सारवून गार, एका दारावर बाभळीची फांदी आडवी बांधलेली. त्याच्या पुढे उघडा माळ. कुसळं, दगड, हिवराची चार खुरटी झाडं. मोबाईलला रेंज नाही.

घर नव्हतं. छातीवरचं ओझं उतरलं रोहिणीच्या. ती हसणारच होती, तेवढ्यात तिला चाकांचे माग दिसले. मऊ मातीत एका गाडीचे ताजे माग माळावर आले होते आणि मध्येच थांबले होते. वळले नव्हते, मागे फिरले नव्हते. त्यांच्या पुढे हातभर जमीन ओली होती. कुणीतरी सडा घातला होता आणि त्यावर बोटाने रांगोळी ओढली होती. जिथे हंडाभर पाण्यासाठी अर्धं रान तुडवावं लागतं तिथे सडा. रोहिणी त्या ओल्या जागेपाशी उभी राहिली. ऊन चांगलं तापलं होतं, पण तिथे तळघरासारखं गार लागत होतं.

तेवढ्यात कमरेच्या उंचीवर, अगदी जवळ, काहीतरी वाजलं. टकटक. मग एक टक.

छगन बोनेटवर बोटं वाजवतोय असं वाटून तिने मागे पाहिलं. छगन लांब उभा होता, हात खिशात घालून. तो आवाज कुठेतरी ओळखीचा वाटला तिला, पण भीतीने डोकं चालेना.

शेळ्या घेऊन एक म्हातारी आली. लंकाबाई तिचं नाव. वस्तीवर तेवढी एकटीच मागे राहिलेली. रोहिणीने इथे कुणी येतं का म्हणून विचारलं, तर ती शेळीला हाकत अगदी सहज म्हणाली, "येत्यात की पाव्हणे. गाडीतून उतरत्यात, हितवर येत्यात, पायरी चढल्यावानी पाय उचलत्यात, अन् मंग दिसत न्हाईत. गाडी बी न्हाई दिसत."

"आणि परत?"

"परत बी येत्यात. पर जाताना लई बोलत जात्यात बाई, येताना गप असत्यात."

आत्ता कुणी आहे का, असं रोहिणीने विचारलं. लंकाबाई म्हणाली, काल ती बाजाराला गेली होती, कोण आलं कोण गेलं तिला ठाऊक नाही. मग तिने रोहिणीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुमचं हाय का घर ते?"

रोहिणीने ओल्या जागेपासून पाऊल मागे घेतलं.

"तुमचं असंल तर दार बसवा त्याला. रातच्याला दार लावल्याचा आवाज कंदी येत न्हाई. आमी उसाला जाताना कुलूप घालून जातो. उगडं घर बरं न्हाई. मानूस आत गेलं तं काय तरी भाईर येनारच."

दोघं लगेच माघारी फिरली. छगनने तिला दुकानापाशी सोडलं आणि मागे न बघता निघून गेला.

रोहिणीने कम्प्युटर लावला. आधी फोटो पुसूनच टाकायचा म्हणून बोट पुढे नेलं, पण पायरीवर नजर गेली. आईची पायरी. ती कशी पुसायची? मग तिने लंकाबाईचं ऐकलं. नेवाशाकडच्या एका लग्नात काढलेलं जुनं सागवानी दार होतं तिच्याकडे. जाडजूड, लोखंडी कडीचं. ते तिने चौकटीत बसवलं. कडी अडकवली, वर कुलूप घातलं. अंधार झाकला गेला. इतकं बेमालूम बसलं ते दार की तिची तिलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

सहज म्हणून तिने मोबाईलवर ती जाहिरात उघडली. तिथेही दार आलं होतं. कुलपासकट.

तिने ते कुणालाही पाठवलेलं नव्हतं.

मोबाईल हातात होता म्हणून वरचा मेसेज दिसला. सकाळीच येऊन पडलेला. राजेश्वरीचा.

"ताई, ओळख पाहू आम्ही कुठे आलोय. काल संध्याकाळीच पोहोचलो. माळावर रेंज नव्हती, घरात मात्र फुल आहे. सगळं तपासून घेतलंय हो, हा फोटो दुसरीकडे कुठेच नाही, राहून आलेल्यांशी पण बोलले. आज इथून निघून तुझ्याकडेच मुक्कामाला. तुला न सांगता येणार होतो, पण राहवेना."

खाली फोटो. कौलं, खांब, जाईचा वेल. राजेश्वरी, तिचा नवरा हनुमंत, आणि पायरीच्या खोलगट जागेत बरोब्बर बसलेली जुई. त्यांच्या मागे चौकट, आणि चौकटीत रोहिणीने भरलेला अंधार.

 सकाळी आपण त्या ओल्या जमिनीवर उभ्या होतो तेव्हा ही तिघं आत होती. तो आवाज. ती टकटक. पोरीने मावशीला पाहिलं होतं आणि मावशी "कोण आहे?" म्हणाली नाही.

तिने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. हनुमंतरावांचाही लागेना.

आणि आपण दाराला कुलूप घातलंय.

ती कम्प्युटरवर अक्षरशः तुटून पडली. दार पुसायला घेतलं. घाईत खांबच पुसला जायला लागला. फळ्या गेल्या, कडी गेली, पण कुलपाचा डाग जाईना. त्यावर अंधार फिरवला की तो पुन्हा वर यायचा. "जा ना रे बाबा," असं ती त्या डागाला म्हणत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

शेवटी गेला. चौकट मोकळी झाली.

फोन वाजला.

"अगं ताई, गंमतच झाली," राजेश्वरी म्हणाली. "दार लागलं होतं बाहेरून. हे केव्हाचे ढकलत होते. आत्ता उघडलं आपोआप. काल तर मला दार दिसलंच नव्हतं."

"राजू, आहात तसे निघा. सामान राहू दे."

"निघालोच की. गाडी चालू आहे."

"जुई कुठंय?"

"ही काय, मागे बसलीय. शहाण्यासारखी."

"सगळे बाहेर आहात ना? बघ नीट."

"हो गं. सगळे."

रोहिणीचा जीव भांड्यात पडला. ती खुर्चीत मागे रेलली आणि हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसले आणि उरलेलं काम करायला घेतलं. आता कुणाचं पोर त्या अंधारात जायला नको. तिने ते सागवानी दार पुन्हा चौकटीत बसवलं, कडी घातली, कुलूप घातलं. आणि तेवढ्यानेही धीर येईना म्हणून पूर्ण घरच पुसून टाकलं. कौलं, खांब, वेल. या वेळी आईची पायरीसुद्धा. मूळ फाईल, तिची नक्कल, सगळं. मोबाईलवर पाहिलं तर जाहिरातीच्या जागी नुसता पांढरा चौकोन होता. आता ते दार कुणाला लावता येणार नव्हतं, की उघडता येणार नव्हतं.

दिवेलागणीला ती घरी पोहोचली. पिठलं टाकलं, भाकरी थापल्या. गाडीचा आवाज आला तशी ती पडद्याच्या आत येऊन उभी राहिली, "कोण आहे?" म्हणायला.

टकटक आली नाही. पडदा सरकला आणि जुई आत आली.

दमली असेल, रोहिणी स्वतःला म्हणाली. तिने पोरीला छातीशी धरलं. अंग गार होतं, पण बाहेर थंडीही होती. राजेश्वरी आणि हनुमंतराव अंगणातल्या बाजेवर बसले. विचारलं त्याला उत्तर देत होते, हसत होते. आपणहून काही बोलत नव्हते.

येताना गप असत्यात. रोहिणीने ते वाक्य डोक्यातून झटकून टाकलं आणि जुईला शेजारी बसवून ताट वाढलं. पोरगी मुकाट्याने जेवत होती. पिठलं तिला कधीच आवडायचं नाही.

टकटक.

मग एक टक.

रोहिणीचा घास हातातच राहिला. चौकटीत नुसता पडदा होता. पडद्याच्या कडेने बाजेवरची दोघं दिसत होती, मांडीवर हात ठेवून बसलेली. चौकटीपाशी कुणी नव्हतं. आणि आवाज चौकटीचा नव्हता. जाडजूड सागवानी दारावर, पलीकडून, खालच्या बाजूला, लहान मुलाचं बोट पोहोचेल तेवढ्या उंचीवर वाजत होतं.

टकटक. टक.

रोहिणीने तोंड उघडलं. "कोण," एवढंच बाहेर पडलं.

शेजारी बसलेल्या जुईने भाकरीचा तुकडा मोडला. मान वर केली नाही.

"मावशी," ती म्हणाली, "उघडू नको."